वजन उतरवण्याची पदविका

लग्नाआधी दोन वर्षं मी मेळघाटात मुलांची वजनं वाढावीत म्हणून पगार घेत होते. अंगणवाडीच्या आढ्याला टांगलेल्या काट्याला झोळी अडकवायची, झोळीत मूल ठेवायचं, ते किंचाळायचं, काटा डुगडुगायचा. महिन्याभरात दोनशे ग्रॅम वाढले असले, की अंगणवाडीताई, मुलाची आई आणि मी अशा तिघी एकमेकींकडे बघून हसायचो. पुढे लग्न होऊन दिल्लीला आले. मुलगी शाळेत जायला लागली, घरात बसून कंटाळा आला, आणि मी गुडगावातल्या एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर लोकांची वजनं कशी उतरवावीत याची पदव्युत्तर पदविका घ्यायला लागले. देश पुढे गेलाय, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. मी ते पुराव्यासकट सांगू शकत होते.

आम्ही दिल्लीतल्या द्वारकेत राहायचो. सोसायट्या झटपट उभ्या राहत होत्या, मेट्रोचे नुसते खांब आले होते आणि झाडांपेक्षा प्रॉपर्टी डीलर जास्त होते. पिण्याचं पाणी टँकरने यायचं, पण पायी पाच मिनिटांवर दोन जिम निघाल्या होत्या आणि तिथे लोक गाडी काढून जायचे. गच्चीवर उभं राहिलं की विमानांची पोटं दिसायची. खाली नवऱ्याचं पोट दिसायचं. ते मात्र दिल्लीला आल्यावरच दिसायला लागलं होतं.

आमच्या संस्थेच्या संचालिकाबाई फार बारीक होत्या. उंच टाचांच्या सँडलवर उभ्या राहिल्या की छत्री भिंतीला टेकवून ठेवावी तशा दिसायच्या. त्या अमेरिकेत तीन आठवड्यांचा एक कोर्स करून आल्या होत्या आणि त्यांची निम्मी वाक्यं ‘जब मैं स्टेट्स में थी’ अशी सुरू व्हायची. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा बारा जणींना ओळीत उभं केलं, एकेकीला इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढवलं आणि आकडा मोठ्याने वाचला.

माझे चव्वेचाळीस किलो भरले. आमच्या घराण्यात सगळेच काटकुळे, त्यात माझं कर्तृत्व शून्य. पण बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, “परफेक्ट! आप तो हमारी चलती-फिरती ॲड हैं.”

माझ्यानंतर फरीदाबादहून येणारी एक मुलगी चढली. एम.एस्सी.ला पहिली आलेली. प्रवेश परीक्षेतही तिचाच नंबर वर होता. तिचे ब्याऐंशी किलो भरले. बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. माहितीपत्रकासाठी वर्गाचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी तिला गोड आवाजात शेवटच्या बाकावर बसायला सांगितलं.

ती म्हणाली, “मॅडम, लास्ट बेंच पर तो मैं स्कूल में भी नहीं बैठी.”

“इट्स ओन्ली फॉर द फोटो, डिअर.”

त्या दिवसापासून आम्ही दोघी डबा एकत्र खायला लागलो.

अभ्यासक्रमात शरीरशास्त्र थोडं आणि शब्दशास्त्र फार होतं. रुग्णाला रुग्ण म्हणायचं नाही, क्लायंट म्हणायचं. ‘मोटी’ हा शब्द तर उच्चारायचाच नाही. ते सोपं होतं, कारण दिल्लीत जाड माणसाला ‘हेल्दी’च म्हणतात. ‘आप पहले से हेल्दी हो गई हैं’ असं कुणी म्हटलं की बायका रडवेल्या व्हायच्या. माझ्या मुलीला मराठीतला ‘लठ्ठ’ माहीत नव्हता, पण हेल्दी म्हणजे वाईट हे ती पाचव्या वर्षी शिकली होती. तिला दूध पाजताना ‘हेल्दी होशील’ म्हणायची सोय राहिली नव्हती.

आहाराचा तक्ता अमेरिकेतून जसाच्या तसा आला होता. सकाळी अर्धं ग्रेपफ्रूट. आमच्यापैकी एकीनेही ग्रेपफ्रूट पाहिलं नव्हतं. मी भाजीवाल्याला विचारलं तेव्हा त्याने आधी द्राक्षं दाखवली, मग पपनस, आणि शेवटी, “मैडम, जो है वो ले जाओ, सब पेट में ही जाना है,” म्हणाला. वर्षभरात मी ऐकलेलं आहारशास्त्रावरचं ते सर्वांत समंजस वाक्य होतं.

पण बाईंचा सगळ्यात लाडका तास होता क्लायंटच्या खोटेपणावर. “क्लायंट ऑलवेज लाइज,” त्या म्हणायच्या. “वजन कमी होत नसेल तर तो लपून खातोय. दुसरं कारण नसतंच. वहीवर विश्वास ठेवू नका, फ्रिज बघा.” हे मी वहीत लाल शाईने लिहून घेतलं होतं.

जानेवारीपासून प्रत्येकीने एक क्लायंट घेऊन त्याचं वजन उतरवून दाखवायचं होतं. मी आधी नवऱ्याला विचारलं.

“मी काय प्रयोगशाळेतला उंदीर आहे का, यार?” तो म्हणाला.

“उंदीर नाही. घूस.”

त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी बोलला तेव्हा ‘तळमजल्यावरच्या आंटीजींना विचार’ एवढंच बोलला.

आंटीजी हिंदीच्या निवृत्त शिक्षिका होत्या. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा अमेरिकेत. कॉलनीत कुणाच्या घरी काय शिजतंय यापासून कुणाचं व्याकरण चुकतंय इथपर्यंत सगळं त्यांना ठाऊक असायचं. एके काळी त्या म्हणे शाळेच्या बसमागे धावायच्या. आता मात्र त्यांना दारापर्यंत यायलाही वेळ लागे, चेहरा सुजल्यासारखा दिसे आणि आवाज घोगरा झाला होता. “पैंतीस साल क्लास में चिल्लाई हूँ, बेटा. गला बैठ गया,” त्या म्हणायच्या आणि आम्हाला ते पटायचं.

मी विचारल्याबरोबर त्या तयार झाल्या. मी त्यांच्यासमोर संस्थेचा चार पानी इंग्रजी फॉर्म ठेवला. “कहाँ साइन करूँ?” त्यांनी विचारलं. मी बोट ठेवलं, त्यांनी सही केली. त्यात काय लिहिलंय हे मीही वाचलं नव्हतं.

मग ‘आधीचा’ फोटो. त्याच्या सूचना छापील होत्या: केस विंचरलेले नसावेत, हसू नये, प्रकाश वरून पडावा. आंटीजींनी जुनं तपकिरी स्वेटर घातलं होतं. फोटो असा आला, की पोलीस ठाण्यात लावला असता तर शोभून दिसला असता. वजन एक्याण्णव किलो.

त्या रोजचं खाणं एका दुरेघी वहीत सुवाच्य हिंदीत लिहायच्या, तारीख उजवीकडे, समास सोडून. सकाळी एक फुलका आणि दही. दुपारी दोन फुलके, भाजी, डाळ. चार वाजता चहा, बिनसाखरेचा. रात्री दलिया. ग्रेपफ्रूटच्या जागी मी संत्रं लिहून दिलं होतं, तेही त्या खायच्या. महिना गेला, वजन तसूभर हललं नाही. दुसरा महिना गेला, ब्याण्णव झालं.

“बेटा, मैं तो वही खा रही हूँ जो लिखती हूँ,” त्या म्हणाल्या.

“हो, आंटीजी,” मी म्हटलं आणि मनात लाल शाई आठवली.

बाईंकडे आकडे नेले तेव्हा त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. “शी इज ईटिंग. किचन देखिए.”

आणि मी पाहिलं. हे लिहिताना आजही मान वर होत नाही. होळीच्या आदल्या आठवड्यात त्या आंघोळीला गेल्या असताना मी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले आणि एकेक डबा उघडत गेले. डाळ, तांदूळ, बेसन. मग वरच्या फळीवर, कागद लावून घट्ट बंद केलेला एक मोठा स्टीलचा डबा हाताला लागला. आत पिन्नी होत्या. पिन्नी म्हणजे कणीक तुपात भाजून, गूळ नि बदाम घालून वळलेले लाडू. डबा काठोकाठ भरलेला होता. मला, खरं सांगते, आनंद झाला. गुन्हा उघडकीस आणल्याचा आनंद.

त्या बाहेर आल्या तेव्हा मी डबा टेबलावर ठेवून बसले होते.

“आंटीजी, हे वहीत नाहीये.”

केसांतून पाणी ठिबकत होतं. त्या समोर बसल्या.

“गिन लो,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“साठ बनाई थीं. गिन लो, बेटा. मुन्ना दिवाली पे आने वाला था, फिर क्रिसमस पे. उसके लिए बनाई थीं. नहीं आया. फेंकने का मन नहीं हुआ.”

मी मोजल्या नाहीत. डब्यातली पिन्नी वरून पांढुरकी पडली होती, तुपाला खवट वास सुटला होता. मी झाकण लावलं आणि डबा फळीवर होता तसा ठेवला. आंटीजी रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. शिक्षिकेच्या समजूतदार आवाजात त्या म्हणाल्या, “मुन्ना भी यही कहता है फ़ोन पर. मम्मी, आप छुप-छुप के खाती हो. डॉक्टर भी यही कहता है. अब तुम भी.”

त्यानंतर मी पंधरा दिवस तळमजला टाळून, मागच्या जिन्याने ये-जा केली.

एप्रिलमध्ये संस्थेत एके दिवशी दोन कार्यक्रम एकाच वेळी आले. मोठ्या सभागृहात ‘ग्रूमिंग’ची कार्यशाळा, म्हणजे क्लायंटसमोर कुठली लिपस्टिक लावून बसावं वगैरे, आणि मागच्या खोलीत सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं अंतःस्रावी ग्रंथींवरचं व्याख्यान. फरीदाबादच्या मैत्रिणीला बाईंनी सांगितलं होतं, की तिने आधी दहा किलो उतरवावेत, ग्रूमिंगचं मग बघू. ती मागच्या खोलीत गेली. एकटी नको म्हणून मी तिच्यासोबत गेले. चाळीस खुर्च्यांत आम्ही दोघीच.

डॉक्टरांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि भरल्या वर्गासमोर शिकवावं तसं दीड तास शिकवलं. थायरॉइड ग्रंथी मंदावली की काय होतं ते ते फळ्यावर लिहीत गेले. थंडी सहन होत नाही. चेहरा सुजतो. आवाज घोगरा होतो. त्वचा कोरडी पडते, केस गळतात, बद्धकोष्ठ होतं, हालचाली संथ होतात. वजन थोडं वाढतं आणि कमी खाल्लं तरी उतरत नाही.

मी लिहायची थांबले. एप्रिल चालू होता, बाहेर लूच्या गरम झळा सुरू झाल्या होत्या, आणि परवाच मी मागच्या जिन्यावरून आंटीजींना अंगणात बसलेलं पाहिलं होतं. तपकिरी स्वेटर घालून.

“सर,” मी विचारलं, “घोगरा आवाज शिकवण्यामुळे झाला की यामुळे, हे कसं कळतं?”

“खून की जाँच से,” ते म्हणाले. “और उससे पहले, मरीज़ को देखने से. मशीन को बाद में देखना.”

त्या संध्याकाळी मी पुढच्या दाराने तळमजल्यावर गेले. आंटीजींनी काही झालंच नाही अशा थाटात चहा टाकला. मी थंडीबद्दल विचारलं. त्या अजून रजई घेऊन झोपत होत्या. केस? कंगव्यात मूठभर येत होते. पोट साफ होतं का, विचारलं.

“हाय राम! यह भी कोई पूछने की बात है?” त्या म्हणाल्या, आणि मग त्यावर अर्धा तास बोलल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांचं रक्त तपासायला दिलं. थायरॉइडचा जो आकडा चार-पाचच्या आत हवा, तो साठाच्या वर आला. म्हाताऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, आंटीजींच्या भुवया, जीभ, पायांची सूज पाहिली, छाती तपासली, आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक बारीक गोळी लिहून दिली. “वजन थोडा ही उतरेगा,” त्यांनी बजावलं, “पर जान में जान आएगी. आपकी ग़लती नहीं थी.”

आंटीजींनी ते शेवटचं वाक्य दोनदा म्हणायला लावलं. मग पदर तोंडाला लावून इतक्या रडल्या, की डॉक्टर उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मला आधी वाटलं आजाराचं ऐकून घाबरल्या. तसं नव्हतं. परत येताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, “चार साल से सबको सफ़ाई दे रही हूँ कि मैं छुपकर नहीं खाती.” मी त्यांचा हात धरला. माफी मागायची होती, पण रिक्षाच्या आवाजात ती मला मागता आली नाही; आणि नंतर शांतता असतानाही आली नाही.

त्या रात्री त्यांनी अमेरिकेला फोन लावला आणि मुलाला रिपोर्ट पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. लॅबचा पत्तासुद्धा सोडला नाही.

जूनपर्यंत चेहऱ्याची सूज उतरली. स्वेटर पेटीत गेलं. जुलैत त्या पहाटे कॉलनीला तीन फेऱ्या मारायला लागल्या आणि चालता चालता लोकांचं व्याकरण पुन्हा सुधारायला लागल्या. सप्टेंबरात वजन त्र्याऐंशी भरलं. ब्याण्णववरून नऊ किलो कमी.

बाई खूश झाल्या. “देखा? मैंने कहा था, किचन देखिए!” ‘नंतरचा’ फोटो काढायला खास फोटोग्राफर आला. आंटीजींना गुलाबी सलवार-सूट, लिपस्टिक आणि टाचांच्या चपला दिल्या. प्रकाश या वेळी समोरून होता. मग बाईंनी माझा प्रकल्प अहवाल चाळला आणि थायरॉइडचं पान अलगद बाहेर काढलं.

“यह कन्फ्यूज़ करेगा. एग्ज़ामिनर को भी, आपको भी.”

मी घरी येऊन ते पान ड्रॉवरमध्ये ठेवलं. शेवटची परीक्षा महिन्यावर आली होती. पदविका हवी होती. मेळघाटात वजन शंभर ग्रॅमने चुकीचं लिहिलं तर मी ताईंशी भांडायचे, आणि इथे अख्खं पान गिळलं.

दिवाळीच्या आधी मॉलच्या दारावर बोर्ड लागला. आंटीजी दोनदा होत्या, डावीकडे तपकिरी आणि उजवीकडे गुलाबी, दोन्हीकडे माझ्यापेक्षा मोठ्या. ही बातमी नवऱ्याने आणली. आंटीजींना कळल्यावर त्या म्हणाल्या, “चलो, देखते हैं,” आणि रविवारी आम्ही तिघं गाडीने गेलो.

त्या बोर्डाखाली बराच वेळ उभ्या राहिल्या. “सूट अच्छा लग रहा है,” म्हणाल्या. मग, “यह अंग्रेज़ी में क्या लिखा है?”

मी वाचून अर्थ सांगितला. आमच्या वैज्ञानिक कार्यक्रमाने, औषधांशिवाय, बारा आठवड्यांत अठरा किलो.

“नौ,” आंटीजी म्हणाल्या.

“हो.”

“और गोली?”

नवरा गाडीच्या किल्लीकडे बघत होता. आंटीजी लिफ्टकडे निघाल्या. गेल्या वर्षी दारापर्यंत यायला त्यांना दोन मिनिटं लागायची, आणि आता मला त्यांना गाठता येईना.

तिसऱ्या मजल्यावर नव्या क्लायंटची माहितीसभा चालली होती. वीस-पंचवीस बायका, काही नवऱ्यांसह, आणि समोर बाई. आंटीजी मधल्या वाटेने थेट पुढे गेल्या, सगळ्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि बस चुकलेल्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

“बाहर जिसकी फ़ोटो है, वो मैं हूँ. अठारह नहीं, नौ किलो. बारह हफ़्ते नहीं, पाँच महीने. और मुझे थायरॉइड था. मैं रोज़ गोली खाती हूँ. आप लोग पहले ख़ून की जाँच कराइए.”

बाईंनी फक्त एकदा डोळे मिटले आणि उघडले. मग टाळ्या वाजवत पुढे आल्या, आंटीजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “सी दिस कॉन्फिडन्स! जब यह हमारे पास आई थीं, तो बोल भी नहीं पाती थीं!”

आणि सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कडाडून. त्या दिवशी चौदा जणींनी नाव नोंदवलं, असं नंतर मैत्रिणीकडून कळलं. त्यातल्या तिघींनी आंटीजींना कोपऱ्यात गाठून लॅबचा पत्ता मात्र मागून घेतला. त्यांना तो तोंडपाठ होता.

घरी आल्यावर मी ड्रॉवरमधलं पान काढलं आणि अहवालात जागच्या जागी शिवलं. बाईंना सांगितलं नाही. परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अहवाल उघडला, फोटो बघितले, मिटला आणि मला एकच प्रश्न विचारला: एका समोशात किती कॅलरी? मी अंदाजाने सांगितलं. त्यांनी मान डोलावली. ते पान आजतागायत कुणी वाचलेलं नाही. मला पहिला वर्ग मिळाला. फरीदाबादच्या मैत्रिणीला प्रथम क्रमांक मिळाला. तिचं वजन तेवढंच राहिलं होतं, म्हणून पदक तिला पोस्टाने पाठवण्यात आलं.

बोर्ड दिवाळीनंतर उतरला, कारण दुसऱ्या कुणाचा तरी त्याहून चांगला ‘नंतरचा’ फोटो मिळाला होता.

पुढच्या वर्षी म्हाताऱ्या डॉक्टरांनी आमच्याच सेक्टरच्या बाजारात, एका मिठाईच्या दुकानावर, दोन खोल्यांचा दवाखाना काढला. आहार सांगायला त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. तिने मंगळवार, गुरुवार घेतले, मी बाकीचे. आंटीजी पायी फिरायला निघाल्या की वर येऊन बाहेरच्या बाकावर दम खायच्या. त्यांना कुणी काही काम सांगितलं नव्हतं. पण रुग्ण आत पोचेपर्यंत त्याची अर्धी तपासणी झालेली असायची. एकदा सूटबूट घातलेले एक कंपनीवाले गृहस्थ आत आले ते लालबुंद होऊन.

“बाहर वो मैडम कौन हैं?” त्यांनी विचारलं. “मैं तो बीवी को छोड़ने आया था. मुझसे सबके सामने पूछ रही हैं, पेट साफ़ होता है?”

“मग?” माझ्या तोंडून मराठीच निघालं.

गृहस्थ खुर्चीत बसले, टाय सैल केला आणि हळूच म्हणाले, “नहीं होता.”